उदास वाटलं का?

महामारीत आम्हा शिक्षकांना लोकांचं मानसिक आरोग्य मोजायला बसवलं होतं. फोन करून विचारायचं, "गेल्या पंधरा दिवसांत उदास वाटलं का?" फॉर्मवर उत्तरांचे चौकोन तीनच: कधीच नाही, कधीकधी, रोज.

एक बाई म्हणाल्या, "मंगळवारी आमचे हे गेले. शेवटचं तोंडसुद्धा बघू दिलं नाही. काय लिहिणार तुम्ही?"

मला त्या तीन चौकोनांचा असा संताप आला! मन म्हणजे काय ताप आहे, काखेत थर्मामीटर लावून आकडा वाचायला?

"रोज लिहू?" मी कसंबसं विचारलं.

"नको, कधीकधी लिहा," त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या. "पोरं ऐकताहेत."

मी तसंच लिहिलं. पुढे अहवाल आला. आमच्या तालुक्याचं मन म्हणे ठीक होतं.