दोन बोटं ढील

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यानेच शिवलेल्या पँटचं बटण लावायची खटपट करत होतो. पोट आडवं येत होतं. या पोटाचा आर्णीतला एकमेव हितचिंतक म्हणजे सुधाकर टेलर... कमरेचं माप घेताना टेपखाली दोन बोटं घालायचा आणि म्हणायचा, "मास्तर, एवढी ढील तुह्या जेवणासाठी."

त्याला कॅन्सर निघाल्यावर यवतमाळच्या दवाखान्यात मीच सोबत जायचो. केमोच्या औषधाची मात्रा अंगाच्या क्षेत्रफळावर ठरते आणि ते क्षेत्रफळ उंची-वजनावरून काढतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी पडलो गणिताचा मास्तर; परतीच्या एसटीत मोठ्या आवाजात सूत्र समजावू लागलो. सुधाकर म्हणाला, "वजन करून कपडा कोन बेतते गा? माह्याकडं पाठव त्या डॉक्टरले." अख्खी एसटी माझ्यावर हसली.

पुढे एका खेपेला मात्रा कमी झाली. दुकानात परतल्यावर त्याने विचारलं, "औषध कमी केलं... बरा होऊन राह्यलो का मी?" वजन उतरलं, म्हणून क्षेत्रफळ उतरलं, म्हणून औषध. मला ठाऊक होतं. तरी म्हणालो, "तं काय!"

त्याने टेप माझ्या हातात दिला. "छाती मोज. घरचे सारे गोड बोलतेत, तू आकड्यात लबाडी नाही करणार. बरा असंन तं घाटंजीले ताईकडं दिवाळीनंतर जाऊ. नसंन तं उद्याच ने मले." वाटणीवरून बहीणभावांचा अबोला होता, तो त्याला मिटवायचा होता.

मी टेप आवळला, आणि हळूच दोन बोटं आत घातली. आकडा सांगितला. तो माझ्याकडे बघत राहिला... "मंग दिवाळीनंतर," म्हणाला. बोटं त्याला कळली नसतील, असं मी स्वतःला सांगत असतो. पण मापं घेण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला?

दिवाळी त्याने पाहिलीच नाही.

परवा ताई दुकान आवरायला आली. टेप मशीनवर तसाच लटकत होता. तो हातात घेऊन म्हणाली, "दिवाळीनंतर येतो, असा निरोप होता त्याचा. मले वाटलं, तब्येत सुधरली असंन. नाही तं मीच आली नसती का, भाऊ?"

मी दोन्ही हात खिशात घातले. खिसेही त्यानेच शिवलेले... ऐसपैस.