ग्लास उचलणारे भाऊजी

चांगल्या चाललेल्या लग्नाला सुतक आणावं तर आमच्या धाकट्या भाऊजींनीच. अख्ख्या वाशिम जिल्ह्यात हे काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. कोवळ्या वयात ते अकोल्याच्या एका टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडायचे. सकाळच्या खेळाला तिथं जुने काळेपांढरे इंग्रजी सिनेमे लागत. हॅटवाली माणसं, न थांबणारा पाऊस, खून, भिंतीवर माणसाहून मोठ्या सावल्या. भाऊजींना इंग्रजीचा शब्द कळत नसे. पण सिनेमात कुणी हसत ग्लास उंचावला, की मध्यंतरानंतर तो मरतो, हे त्यांनी बरोबर हेरलं. म्हणजे ग्लास उचलायचा तो येणाऱ्या संकटाची आगाऊ वर्दी द्यायला, अशी त्यांची पक्की समजूत झाली, आणि नोकरी सोडून कामरगावात परतल्यावर ती रीत त्यांनी पंगतीत आणली.

आमच्याकडे पानं वाढून झाली तरी 'हर हर महादेव' झाल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही. भाऊजी नेमके तेवढ्यात मठ्ठ्याचा ग्लास घेऊन उभे राहतात. वरण गार होतं, पाहुणे बिचारे हात मांडीवर ठेवून ऐकतात. पुतण्याच्या लग्नात म्हणाले, "बाबू, तू आता हासून राह्यला. हासून घे." रिठदला एका दुकानाच्या उद्घाटनाला, दुकान सगळं लाकडाचं आहे, पेटायला वेळ लागणार नाही, असं काहीसं बोलले. दुकानदारानं दुसऱ्याच दिवशी विमा काढला.

माझ्या लग्नात म्हणाले, "वयनी, तुमी या घरात आल्या. आता सुटका नाही." आणि मी दीडशहाणी, मला वाटलं, काय खोल माणूस आहे. इतकी भारावले की त्यांनी वर्णन केलेल्या सिनेमातल्या बायांसारखा पदर एका डोळ्यावर ओढून अंगणात फिरू लागले, आणि म्हशीच्या हौदात पडले. ओढून काढताना सासूबाईंनी विचारलं, "दिसत नाही का वं?" मला रहस्यमय दिसायचं होतं, हे त्यांना कसं सांगू?

गेल्या उन्हाळ्यात भाऊजींच्या नातीचं लग्न झालं. पोरगी रांगत होती तेव्हाच तिची आई, म्हणजे भाऊजींची एकुलती लेक, गेली. वेणीफणीपासून सगळं भाऊजींनीच केलं. अनसिंगची वरात यायच्या आदल्या दिवशी पोरीनं बजावलं, "आबा, ग्लास तुमीच उचला. पण माह्यासाठी एक डाव चांगलं बोला."

भाऊजींचा चेहराच उतरला. दिवसभर मांडवामागं पुटपुटत फिरले. मी चिडवायला गेले, की सुखी राहा म्हणायला एवढी तालीम कशाला लागते.

"लेकीच्या लग्नात तेवढंच म्हटलं होतं, वयनी," ते म्हणाले. "तेवढं एकदाच चांगलं बोललो मी."



पंगत बसली. भाऊजी उभे राहिले, पण ग्लास नुसता या हातातून त्या हातात घेत राहिले. अनसिंगकर एकमेकांकडे बघू लागले. पोरगी मान वर करून आजोबांकडेच बघत होती. शेवटी ते म्हणाले, "सुखी राय, बाई," आणि ग्लास असा झटक्यात उचलला की मठ्ठा बाहीतून कोपरापर्यंत गेला. लोक 'हर हर महादेव' म्हणून जेवायला लागले. भाऊजी पानाला न शिवता माझ्याजवळ आले.

"काही होणार तं नाही ना, वयनी?"

मी त्यांची ओली बाही पदरानं पुसली आणि त्यांना पानावर नेऊन बसवलं.

आता रोज सकाळी ते अनसिंगला फोन लावतात. पोरगी म्हणते, "आबा, मी बरी हाय." तेवढं ऐकून ते फोन ठेवतात, आणि मग माझ्याकडे चहा मागतात.