बिनघंटेच्या शाळेत सई

जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या ट्राममध्ये दोन मराठी बायका शेजारी बसल्या की पहिल्या स्टॉपपर्यंत थंडी आणि पुढे मुलांची शाळा. हे किस्से साठतात कसे, कळतही नाही. आमच्या सईचे तर मी इतक्यांदा सांगितलेत, की मी तोंड उघडलं की मिलिंद, म्हणजे माझा नवरा, चहा टाकायला उठतो.

तेव्हा मात्र हसू येत नव्हतं. दोन हजार चार-पाचची गोष्ट. सई घरी जर्मनमध्ये अखंड टकळी चालवायची आणि वर्गात तोंडातून शब्द नाही! पहिलीच्या बाईंनी सुचवलं, हिला मागे पडणाऱ्या मुलांच्या खास शाळेत घाला. मी ट्राम स्टॉपवरच रडले. मग कुणीतरी मागच्या गल्लीतल्या शाळेचं नाव काढलं. जुन्या बेकरीच्या जागेत पालकांनी मिळून काढलेली, सरकारी नाही आणि श्रीमंतांचीही नाही.

*

भेटीला मिलिंद जाडजूड फाईल घेऊन गेला. मुख्य बाई, फ्राऊ केलर, सईसमोर चक्क जमिनीवर बसल्या. नाव विचारलं, मिलिंदनं सांगितलं. आवडता रंग? मिलिंदनं सांगितला. पोहता येतं का? तेही त्यानंच, हातवारे करून.

बाई मिलिंदकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. तुमचा प्रवेश पक्का, हेर जोशी. आता मुलीचं बघू."

सईला सहामाहीपर्यंत मुदत मिळाली. तोवर वर्गात बोलली तर इथे, नाहीतर ती खास शाळा.

*

तिथे शनिवारी पालकांनीच शाळा झाडायची. त्याच सुमारास माझे सासरे, अप्पा, पुण्याहून आले होते. रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी आपल्या पोराला, मिलिंदला, शाळेचे संडास घासताना पाहिलं आणि शेजारी फरशी पुसणारा माणूस सर्जन आहे हेही ऐकलं. शिपाई कुठाय, म्हणाले. म्हटलं, अप्पा, इथे शिपाईच नाही.

"मग घंटा कोण देतं?"

घंटाही नाही म्हटल्यावर मात्र ते मटकन बाकावर बसले.

*

मार्क नव्हते, नंबर नव्हता. बाईंनी नुसतं लिहून दिलं की सई बोलत नाही, पण बूट घालायला वेळ लागणाऱ्या मैत्रिणीसाठी रोज थांबते. मी अप्पांना मराठीत सांगितलं. यात पास की नापास ते कुठाय, म्हणून ते चिडले. जेवण झाल्यावर मात्र हळूच म्हणाले, "ते बुटांचं परत वाच गं."

*

मिलिंदला धीर नव्हता. रोज संध्याकाळी तो सईकडून वाक्यं घोकून घ्यायचा. घरी ती घडाघडा म्हणायची, शाळेत पुन्हा गप्प. बाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, आता थांबा, नाहीतर तुम्हालाच वर्गात बसवते. मुदत संपत आली होती. मला झोप लागेना.

*

शुक्रवारी तिथे मुलांची सभा भरते. अध्यक्षही मूलच. कुणीही कुणाचीही तक्रार करायची आणि ज्याची तक्रार झाली त्यानं सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. मुदतीच्या शेवटच्या शुक्रवारी पालकांनाही बोलावलं होतं. आम्ही बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलो होतो.

सईनं हात वर केला.

ती उभी राहिली आणि जर्मनमध्ये, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझी तक्रार बाबांबद्दल आहे. मला काही विचारलं की तेच उत्तर देतात."

फ्राऊ केलरनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मिलिंदचे डोळे भरून आले होते. अध्यक्षबाई, दात पडलेली एक चिमुरडी, गंभीरपणे म्हणाली, "हेर जोशी, तुम्हाला यावर काय सांगायचंय?"

मिलिंद खिशात रुमाल शोधू लागला. मी पटकन पुढे सरकले. म्हटलं, "आल्झो, म्हणजे, त्याला असं म्हणायचंय, की…"

सई माझ्याकडे वळली आणि सगळ्यांदेखत मराठीत म्हणाली, "आई, बाबांना बोलू दे ना."