लीडरांचा चष्मा

चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला, की आम्ही समजायचो, आता हा माणूस पडणार.

आणि ते पडायचेच. बोलता बोलता, चालता चालता. हातात चहाचा कप असला तर तो आधी नीट खाली ठेवून. गुडघे दुमडायचे, कोसळायचे आणि डोळे मिटून गप्प पडून राहायचे. मग आम्ही आठ पोरांनी धावायचं. गर्दी हटवायची, कपडे सैल करायचे, श्वास बघायचा, कुशीवर वळवायचं, दोन काठ्यांमध्ये शर्ट अडकवून स्ट्रेचर करायचं. सगळं झालं की ते एक डोळा उघडून निकाल सांगायचे. निकाल दोनच. काम नीट झालं असेल तर 'वाचलो', नाहीतर 'मेलो'. डोक्याशी जो बसला असेल, तो जबाबदार. निकाल त्याच्या नावावर.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याला लोक आधी खुळ्यात काढतात आणि मग त्याच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. आमच्याकडे ते लीडर होते. आमचं गाव आता करंजाड्याच्या इमारतींच्या मागे शोधावं लागतं, तेव्हा भोवती नुसती भातशेती आणि पलीकडे खाडी होती. लीडर पनवेलच्या एका भातगिरणीत वजनकाट्यावर बसायचे. गिरणीत भात घालायला येणाऱ्या एका शाळामास्तरांनी त्यांना स्काउटचं जुनं पुस्तक दिलं. ते पुस्तक कोंड्याच्या धुळीत वाचून वाचून त्यांनी पाठ केलं आणि एका रविवारी गावातल्या आठ पोरांना देवळामागे उभं केलं.

"मना काका बोलू नका, मास्तर बोलू नका. लीडर बोला," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पुढे सगळा गावच त्यांना लीडर म्हणायला लागला. त्यांची बायको, आमची काकी, तीसुद्धा म्हणायची, "आमचं लीडर जेवायला यायचं हायत."

पथक का काढलं, हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ मिठागराच्या बांधावर काम करता करता पडला होता. "पन्नास मानसां जमली. कुनी चप्पल हुंगवली, कुनी कांदा. गाडी कुनीच नाय आनली. मानूस पडला की सगली बघत उभी ऱ्हातात. मना आठ पोरां पायजेत, जी बघत उभी ऱ्हानार नाय." एवढं बोलून ते लगेच आम्हाला गाठी शिकवायला बसले. आम्ही दहा-बारा वर्षांचे होतो. आम्हाला गाठीच महत्त्वाच्या वाटल्या.

गणवेश म्हणजे शाळेची खाकी अर्धी चड्डी. स्कार्फ आणायचे कुठून, हा प्रश्न होता. काकीची एक हळदी रंगाची साडी होती, तिच्यातून आठ त्रिकोण निघाले. काकी आम्हाला ओळीत उभं बघून म्हणाली, "माजी साडी कवायत करते. उद्या झेंडा पायजे बोलाल तं मना इचारू नका." टोळीला प्राण्याचं नाव द्यायचं, असं पुस्तकात होतं. सिंह, वाघ, गरुड अशी यादीच होती. लीडर म्हणाले, "वाग बगितलाय कुनी? नाय ना? मंग जो रोज बगतो त्याचा नाव घ्या." म्हणून आम्ही निवटी टोळी झालो. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. पनवेलच्या स्काउट मेळाव्यात इतर शाळांच्या पोरांनी डरकाळ्या फोडल्या. आमची पाळी आली तेव्हा आम्ही जागच्या जागी उड्या मारल्या, आणि सगळं मैदान हसलं. लीडर मात्र छाती काढून उभे होते.

मी डोक्याशी बसलो तीन वेळा. तीनही वेळा लीडर मेले.

पहिल्यांदा बांधावर. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि मला रडूच कोसळलं. दुसऱ्यांदा एका लग्नाच्या मांडवात, ऐन पंगतीत. बायका किंचाळल्या, वाजंत्री थांबली. नवऱ्याकडची एक म्हातारी माझ्या अंगावर ओरडली, "अरं, बघत काय बसलाय, कांदा आन!" मी मुकाट्याने स्वयंपाकातून कांदा आणला आणि त्यांच्या नाकाशी धरला. लीडरांनी एक डोळा उघडला. "मेलो," म्हणाले, "आन तेबी कांद्यानं मेलो." तिसऱ्यांदा पनवेलच्या एसटी स्टँडवर. हा माणूस प्यायला आहे, असं समजून एक हवालदार दंडुका आपटत आला. बाकीची पोरं त्याला समजावत होती तोवर आम्ही लीडरांना स्ट्रेचरवर घेतलं आणि मी बांधलेली गाठ सुटली. ते धप्पकन फरशीवर आले. "मेलो," ते आडवेच म्हणाले, आणि हवालदारसुद्धा हसला.

त्यानंतर माझी पाळी आलीच नाही. मी पुढे शिकायला पनवेलला राहिलो, मग जासईच्या एका कंटेनर यार्डात नोकरीला लागलो. गिरणी बंद पडली, शेतांचे प्लॉट झाले. नव्या इमारतींतली मुलं रविवारी क्लासला जायला लागली आणि पथक हळूहळू संपलं. लीडर मात्र खाकी शर्ट घालूनच भाजी आणायला जायचे. बाजारात मी दिसलो, की शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही धरून सांगायचे, "हा मोटा सायेब झालाय. पन यानं मना तीनदा मारलाय, तुमाला सांगतो."

मी हसायचो. पण खरं सांगतो, ते मला लागायचं. माझे केस पिकले, मुलगी लग्नाची झाली, तरी त्या माणसाच्या तोंडून एकदा 'वाचलो' ऐकायचं माझ्या मनात राहून गेलं होतं. यार्डात दरवर्षी प्रथमोपचाराचं प्रशिक्षण असतं. रबरी बाहुलीच्या छातीवर मोजून दाब द्यायचे. एका वर्षी शिकवणाऱ्याने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, आणि मी, पन्नाशी ओलांडलेला माणूस, घरी न जाता थेट लीडरांकडे सांगायला गेलो. ते ओटीवर लसूण सोलत बसले होते.

"बाहुलीचा काय सांगतो? ती मेलेलीच असते," ते म्हणाले. "मना वाचव. मंग बोल."

गेल्या हिवाळ्यात आम्ही जुन्या पोरांनी ठरवलं, की पथकाचा एक कार्यक्रम करायचा आणि लीडरांचा सत्कार करायचा. रविवारी सकाळी नवीन पनवेलला एक हॉल घेतला. पहिल्या आठांपैकी आम्ही सात हजर होतो. आठवा कुवेतला असतो, तो व्हिडिओ कॉलवर होता. त्याचा फोन एका पोराच्या हातात देऊन ठेवला होता. आमच्यानंतरच्या तुकड्यांमधले लोक बायका-मुलांना घेऊन आले होते. काकी गुडघ्यांमुळे आली नव्हती. मागे काठ्यांना बांधलेलं बॅनर होतं, त्यावर आमची निवटी काढली होती. चित्रकाराने निवटी कधी पाहिली नसावी, ती मगरीसारखी झाली होती. लीडर ती बघून बराच वेळ हसले.

शाल झाली, नारळ झाला. नारळ हातात घेऊनच ते माइकसमोर उभे राहिले. "पोरांनो," म्हणाले, "तुमी सगली जाडी झालाव." हॉल हसला. "आता तुमी पडलाव तं तुमाला कोन उचलनार?" पुन्हा हशा. ते पुढे काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात गुडघे दुमडले, नारळ गडगडत पहिल्या रांगेपर्यंत गेला आणि लीडर पडले.

टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्या अजून ऐकू येतात. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता, कारण सगळे याचीच तर वाट बघत होते. आम्ही सातजण पोटं सावरत, हसत धावलो. कोणी ओरडलं, "गर्दी हटवा, हवा येऊ द्या!" कोणी मागून हाक मारली, "कांदा आणा रे!" आणि हशाचा गजर झाला. डोक्याशी मला जागा दिली गेली. "बस, बस. चौथ्यांदा मार," एकजण माझ्या कानाशी म्हणाला.

मी हसतच वाकलो. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

एक काच तडकली होती. मी ते बघितलं. मला ते कळलंही, कारण मला कळलं नसतं तर कुणाला कळलं असतं? हा माणूस आयुष्यात कधी चष्मा न काढता पडला नव्हता. आणि तरी माझ्या चेहऱ्यावरचं हसू जायला वेळ लागला. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. एक श्वास असेल, चार असतील. त्या वेळात मी असा विचार केला, की आज काय झकास पडलेत. हा विचार मी केला, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो आहे.

"अरे, हे खरं आहे," मी म्हणालो. लोक आणखी हसले. लहानपणी आम्हाला असंच म्हणायला शिकवलं होतं, म्हणजे खऱ्यासारखं वाटेल. मी पुन्हा ओरडलो, "खरं आहे, हसू नका!" आणि त्यांच्या शर्टाची बटणं तोडून छातीवर हात टेकले. चष्मा काढून कधी माझ्या पँटच्या खिशात टाकला, ते मला आठवत नाही. मी मोजत दाब द्यायला लागलो, तसा हॉल एका बाजूने गप्प होत गेला. शेवटी माझ्या मोजण्याशिवाय आवाज राहिला नाही. फक्त फोनमध्ये कुवेतवाला अजून हसत होता. त्याच्यापर्यंत सगळं उशिरा पोचत होतं.

मग कोणी कुणाला काही सांगितलं नाही. एकाने दारं उघडली, एकाने आपली मोठी गाडी दाराशी आणली. रुग्णवाहिका यायला वेळ होता. दोघांनी बॅनर फाडून काठ्या काढल्या, बाकीच्यांनी अंगातले शर्ट काढले, आणि स्ट्रेचर तयार झालं. गाठ मी नाही बांधली. पण सगळ्या गाठी पक्क्या होत्या. गाडीतही मी दाब देणं थांबवलं नाही. हॉस्पिटलच्या दाराशी आम्ही पोचलो तेव्हा तिथले लोक आमच्याकडे बघतच राहिले. पन्नाशीचे सात जाडे पुरुष, निम्मे बनियनवर, काठ्यांवर एका म्हाताऱ्याला घेऊन.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "दाब कोणी दिले?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा. "बरोबर दिलेत," ते म्हणाले, "पण मला वाटतं, ते पडले तेव्हाच गेले होते." माझ्या खांद्याला हात लावून डॉक्टर आत निघून गेले. त्यांना माझं समाधान करायचं होतं, हे मला समजत होतं. मी लीडरांच्या तोंडाकडे बघत उभा होतो. सगळं झालं होतं, निकाल तेवढा राहिला होता. ते 'मेलो' म्हणाले असते तरी मला चाललं असतं.

चष्मा माझ्याकडेच राहिला. अंत्यविधीत तो द्यायचं सुचलं नाही, आणि नंतर धीर होईना. तेरावं झाल्यावर एका सकाळी मी गेलो. काकी ओटीवर एकटीच बसली होती. मी चष्मा तिच्या हातात दिला. तडकलेल्या काचेवरून तिने अंगठा फिरवला.

"डोल्यावर व्हता?" तिने विचारलं.

"हो, काकी."

"पडताना?"

"हो."

तिने चष्मा उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "मंग तेंना म्हाईत नव्हता. बरा झाला."

मला तिला सांगायचं होतं, की मी हसत होतो. तेवढ्यासाठीच मी गेलो होतो. काकीने पदराने दोन्ही काचा पुसल्या, भिंतीला हात देत उठली आणि आत गेली. दारातून मला दिसत होतं. खुंटीवर त्यांचा खाकी शर्ट धुऊन टांगला होता. तिने चष्म्याच्या काड्या मिटल्या आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला.

मी बसल्या जागेवरून उठलो होतो, आणि माझे दोन्ही हात सावरायला पुढे झाले होते.