कामरगावच्या वरातीतली चाल

गुणवंतदादांची आणि माझी पहिली गाठ रिसोडच्या एसटी स्टँडवर पडली. मी गिटार गळ्यात अडकवून बसलो होतो. शेजारच्या पायजम्यातल्या गृहस्थांनी विचारलं, "काहून रे, वाजवतो का नुस्ता मिरवून राह्यला?" माझं डोकं लगेच तापतं. "तुमाले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो. त्यांनी गिटार मागून घेतली, तारा जुळवल्या आणि वाजवू लागले. माझी बस कधी निघून गेली, कळलंच नाही. ज्यांचं चित्रपटसंगीत ऐकत मी वाढलो, ते हेच, हे मला नंतर समजलं.

भयपट, विनोदी, पौराणिक, दादांनी सगळ्यांना संगीत दिलं आणि मुंबईच्या हॉटेलांत जॅझ गिटारही वाजवत राहिले. आता इंझोरीला घरी ते आम्हा पोरांना शिकवतात. "चाल सोडून पाह्यजे तितकं भटक, पण घरी वापस येता आलं पाह्यजे," ही त्यांची जॅझची व्याख्या. मी कॉलेज अर्धवट सोडलं, त्यावरून त्यांनी मला कधीच टोचलं नाही.

पण खरं सांगायचंय ते कामरगावच्या लग्नाचं. जिच्यामुळे मला वर्गात बसवेना, तिचं लग्न. तिचे वडील दादांचे मित्र. मी तिथे जाऊन राडा करणार हे ओळखून दादांनी मला गिटारसकट सोबतच नेलं. वरातीत बेंजोवाल्यानं दादांचीच गाजलेली चाल धरली, चित्रपटात नायिकेच्या अंत्ययात्रेला वाजणारी. लोक बेभान नाचत होते. मी त्याची कॉलर धरली. "मयताची चाल लग्नात वाजवतो का बे?"

"सोड त्याले," दादा म्हणाले. "बरोबर वाजवून राह्यला तो. माह्या मायची हळदीची चाल आहे ही. पिक्चरवाल्यायले रडवायचं होतं, म्हनून मी मंद केली."

मी कॉलर सोडली. अख्खा महाराष्ट्र एका हळदीच्या गाण्यावर रडला होता.

"पाह्यतं काय? ठेका दे."

तिच्या लग्नात मी गिटारवर ठेका दिला. दादा बेंजो घेऊन चालीतून निघाले, कुठे कुठे फिरले आणि नेमके माझ्या ठेक्यावर परत आले. मंडपाच्या दारात ती हसत उभी होती. माझा ठेका चुकला नाही. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

ती चाल मी रोज वाजवतो. हातातून मंदच निघते. दादा ऐकतात आणि म्हणतात, "अजून मयतच आहे."

दादांना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा. त्यांनी धडधाकट शंभरी गाठावी. माझ्या हातून ती चाल हळदीची होऊन निघेल, तेव्हा ऐकायला ते समोर हवेत.