मानाचा आणि मानेचा

या लेखापुढे प्रश्न एकच आहे. आमच्या भागातल्या महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमध्ये हंगामाच्या शेवटी एका खेळाडूला सर्वोत्कृष्ट म्हणून गौरवतात. गेल्या हंगामात तो मान कोणाला मिळायला हवा होता? निकाल केव्हाच लागला आहे आणि तो बदलावा असा माझा आग्रह नाही. परंतु आमच्या घरी या प्रश्नावर जो वाद झाला, त्यातून आम्हांला न विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले. म्हणून तो वाद क्रमाने मांडते.

आम्ही ओसाकाच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो. त्यापूर्वी मी पुण्यात एका शाळेत गणित शिकवत असे. मराठीच्या बाई रजेवर गेल्या की व्याकरणाचा तासही माझ्याकडे येई. पतीच्या कंपनीने त्यांना थोड्या काळासाठी म्हणून इकडे पाठवले आणि त्या थोड्या काळात मुलाचे सगळे बालपण पार पडले. मराठी त्याला पूर्ण समजते, असे आम्ही धरून चाललो होतो. उत्तर मात्र तो बहुधा जपानीत देतो. गेल्या वर्षी तो विद्यापीठाच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाला होता आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघात खेळत होता. इथे या खेळाला आमेफुटो म्हणतात.

खेळाची एकच गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू जमिनीवर असतो. त्यावर ओणवा झालेला खेळाडू तो आपल्या दोन पायांमधून मागे फेकतो आणि त्याच क्षणी समोरून चालून येणाऱ्या धिप्पाड खेळाडूला डोक्याखांद्यांनी अडवतो. याला सेंटर म्हणतात. मागे उभा राहून तो चेंडू झेलणारा आणि पुढे कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा तो क्वार्टरबॅक. खो-खोत गडी बाद करणाऱ्याचे नाव होते, नेमक्या वेळी खो देणाऱ्याचे कोणी विचारत नाही. सेंटरचेही तसेच आहे. आमचा मुलगा सेंटर होता. क्वार्टरबॅक होता त्याचा मित्र.

हा मित्र दूरच्या एका लहान गावातून शिकायला आला होता. पहिल्या वर्षापासून रविवारी संध्याकाळी तो आमच्याकडे जेवायला येई. येताना स्टेशनजवळच्या कोन्बिनीतून, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून, सर्वांसाठी पुडिंग आणी. आमटीला तो भारतीय मिसो सूप म्हणे आणि वाटी तोंडाला लावून पिऊन टाकी. मला तो ओकासान, म्हणजे आई, म्हणतो. मित्राच्या आईला इथे असेच म्हणण्याची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. तरी ऐकायला बरे वाटते.

हंगामाच्या मध्यापर्यंत पुरस्कारासाठी या मित्राचेच नाव सर्वांच्या तोंडी होते. पदवीनंतर त्याला एका कंपनीच्या संघातून खेळायचे होते आणि हा मान मिळाला असता तर ती वाट सोपी झाली असती. परंतु उत्तरार्धात त्याचे आकडे घसरले. फेकलेले चेंडू थोडे उशिरा सुटू लागले, चेंडू फेकण्याआधीच तो वारंवार पकडला जाऊ लागला, आणि प्रतिस्पर्धी विद्यापीठाचा, चेंडू घेऊन पळणारा एक चपळ धावपटू त्याच्या पुढे गेला. शेवटचा सामना याच दोन संघांमध्ये व्हायचा होता.

त्या सामन्याच्या आधीच्या रविवारी आम्ही चौघे जेवायला बसलो होतो. मुलाच्या उजव्या हाताची दोन बोटे कित्येक आठवड्यांपासून पट्टीने एकत्र बांधलेली होती. सरावात बोट मुरगळले, असे त्याने घरीही सांगितले होते आणि संघातही. पाण्याचा पेला तो डाव्या हाताने उचलत होता.

वादाला पतींनी तोंड फोडले. ते संगणकाच्या क्षेत्रातले. आकड्यांपुढे दुसरे काही मानत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की तो धावपटू सर्वांत जास्त अंतर धावला आहे, मग चर्चा कसली? मी म्हटले, आधी व्याख्या करू. सर्वोत्कृष्ट म्हणजे सर्वांत जास्त धावलेला, की ज्याच्यावाचून संघाचे सर्वांत जास्त अडेल तो?

“झालं,” पती म्हणाले, “बाईंचा तास सुरू. वह्या काढा रे.”

मुलाने हे मित्राला जपानीत सांगितले. मित्राने पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून, वर्गात बसल्यासारखे दाखवले. आम्ही सगळे हसलो. मग तो गंभीर झाला आणि म्हणाला की ओतोसान, म्हणजे बाबा, बरोबर बोलत आहेत. तो धावपटू खरोखर उत्तम आहे, आपण त्याच्या जवळपासही नाही.

“ऐकलंस?” पती मला म्हणाले. “तो स्वतः नाही म्हणतोय. तू कशाला त्याचं वकीलपत्र घेतलंयस?”

मला ते पटले नाही. इथे एन्‌र्यो नावाची एक रीत आहे: हवे असले तरी आधी नको म्हणायचे, मागे सरायचे. आपल्याकडेही पाहुणे आढेवेढे घेतात, पण दुसऱ्या आग्रहाला ताट पुढे करतात. इथे माणूस नकोवरच ठाम राहतो. त्याला तो मान हवा होता आणि ते तो मनात दाबून ठेवत होता, असे माझे मत होते. मित्राला मराठी येत नाही, म्हणून मी मुलाकडे वळून म्हटले,

“शेवटी प्रश्न मानाचा आहे. असं लपवून कशाला ठेवायचं?”

मुलाने हे भाषांतर करून सांगितले नाही. त्याने पेला खाली ठेवला. मग माझ्याकडे न पाहता, मराठीत, हळू आवाजात विचारले,

“तुला कोणी सांगितलं?”

इथे व्याकरणाचा थोडा खुलासा करणे भाग आहे. मान हा शब्द मराठीत दोन लिंगांत चालतो. पुल्लिंगी मान म्हणजे सन्मान. त्याचे रूप मानाचा. स्त्रीलिंगी मान म्हणजे डोके आणि धड यांना जोडणारा अवयव. त्याचे रूप मानेचा. भेद एका स्वराचा आहे. घरात वाढताना मुलाने दुसरा शब्द हजार वेळा ऐकला असेल: मान वर कर, मान पूस, मान अवघडेल. पहिला त्याच्या कानांवर क्वचितच पडला. मी मानाचा म्हटले; त्याने मानेचा ऐकले. आणि लपवण्याचा उल्लेख पुढे होताच.

कोणी काय सांगायला हवे होते, असे मी विचारले. त्याने मान खाली घातली आणि तसे करताना त्याचा चेहरा किंचित आखडला. मग सगळे बाहेर आले. हंगामाच्या मध्यावर एका धडकेत मान दुखावली होती. तेव्हापासून जोराचा धक्का बसला की मानेपासून उजव्या हाताच्या बोटांपर्यंत विजेसारखी कळ जाई आणि हात काही काळ बधिर होई. बोट मुरगळलेच नव्हते. चेंडूवरची पकड ढिली का, असे कोणी विचारू नये म्हणून पट्टी बांधलेली होती. एक सामना उरला आहे, तो झाला की दाखवेन, असे त्याने स्वतःशी ठरवले होते.

आम्ही दोघे काही बोलायच्या आत मित्राने काय झाले म्हणून विचारले. मुलाने एकच शब्द उच्चारला: “कुबी.” मान. मित्राने मुलाच्या बांधलेल्या बोटांकडे पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिला. मग दोघांमध्ये जपानीत बोलणे झाले. मुलगा म्हणत होता की आपण मैदानात नसलो तर सामना जाईल, आणि सामना गेला तर मित्राचा पुरस्कारही जाईल. चार वर्षे ज्यासाठी झिजलो ते एका आठवड्यासाठी सोडायचे का? मित्राने सगळे ऐकून घेतले. मग तो जे म्हणाला ते मी मराठीत जसेच्या तसे लिहिते.

“तू फेकलास तर मी चेंडू झेलणार नाही. जमिनीवर पडू देईन. प्रत्येक वेळी.”

मुलगा चिडला. हा मान तुझा आहे, तू असे करूच शकत नाहीस, असे तो म्हणाला. मित्राने ताटातला उरलेला भात संपवला, हात जोडून जेवणाचे आभार मानले आणि त्या दिवशी पुडिंग न खाताच निघाला. जाताना दारात मला म्हणाला की उद्या सकाळी तोही इस्पितळात येईल.

तो आला. डॉक्टरांनी तपासणीच्या चित्रात मणक्यांमधली दबलेली जागा दाखवली आणि सांगितले की अशीच आणखी एक धडक बसली असती तर हात कायमचा गेला असता. फक्त हातावर भागले असते याचीही खात्री देता येत नाही. खेळ बंद. मुलाने फक्त मान हलवायचा प्रयत्न केला आणि डॉक्टरांनी ती दोन्ही हातांनी धरली. परतीच्या गाडीत तो गळ्याला पट्टा लावून खिडकीशी उभा होता. मित्र त्याच्या आणि गर्दीच्या मधे उभा राहिला.

शेवटच्या सामन्यात सेंटरच्या जागी धाकट्या वर्गातला एक खेळाडू उभा होता. त्याने जिवापाड प्रयत्न केला, पण एक चेंडू मित्राच्या डोक्यावरून गेला आणि तिथून सामना फिरला. आमचा संघ हरला. पुरस्कार त्या धावपटूला मिळाला. घरी पतींनी ती बातमी वाचली, वृत्तपत्राची घडी घातली आणि म्हणाले, “आकडे बरोबरच होते.” वाद जिंकलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येते. हिवाळ्यात मुलगा घरी पडून जुन्या सामन्यांची चित्रणे पाहत असे. मी शेजारी बसे. चेंडूमागे धावणे माझ्या डोळ्यांना जमत नाही, म्हणून मी चेंडू सुटण्यापूर्वीचा क्षण पाहू लागले, जेव्हा सगळे स्थिर असतात. हंगामाच्या आरंभीच्या सामन्यांत मित्राचे हात छातीपाशी तयार असत. उत्तरार्धातल्या सामन्यांत ते गुडघ्यांपाशी दिसत. तो वाकून, जवळजवळ जमिनीलगत चेंडू घेई, मग उभा राही आणि मग फेके. त्या वाकण्या-उठण्यात निसटणारा क्षण म्हणजेच त्याचे घसरलेले आकडे.

मी मुलाला दोन्ही चित्रणे पुन्हा लावायला सांगितले. त्याने लावली. दुसरे संपल्यावर तो मराठीत म्हणाला, “आई, तो मला कधीच बोलला नाही. माझे चेंडू खाली येत होते.”

पुढच्या रविवारी मी मित्राला याविषयी विचारले. त्याला प्रश्नच नीट कळला नाही. सेंटरचे बोट दुखते आहे, तर चेंडू खाली येणार; चेंडू जिथे येतो तिथे हात न्यायचे, यात सांगण्यासारखे काय आहे, असे तो म्हणाला. आणि वाटी पुढे केली.

तेव्हा माझे उत्तर असे: मान त्याचा होता. ज्या आकड्यांमुळे तो मागे पडला, तेच आकडे माझ्या मते त्याची पात्रता सिद्ध करतात. दुसऱ्याचे दुखणे त्याने विचारपूस न करता आपल्या खात्यावर घेतले, आणि ते दुखणे बोटाचे नसून मानेचे आहे हे कळताच सगळेच सोडून दिले.

परंतु या प्रकरणात मी तटस्थ परीक्षक नाही. एक मुलगा माझा आहे आणि दुसरा माझ्या हातचे जेवलेला. ज्याच्या मनाचा कल आधीच ठरलेला असतो त्याने सोडवलेले गणित दुसऱ्याने पडताळून पाहावे, असे मी वर्गात शिकवत आले. म्हणून वाचकांना विनंती आहे. या खेळाचे एखादे चित्रण कुठे मिळाले तर चेंडू सुटण्यापूर्वी थांबवा. क्वार्टरबॅकचे हात कुठे आहेत ते पाहा, सामना पुढे सरकतो तसे ते खाली येतात का ते पाहा, आणि येत असतील तर कोणासाठी, हे स्वतः शोधा. माझे उत्तर चूक ठरले तर तसे अवश्य म्हणा.