तेविसाने भाग गेला तेव्हा

मी शिकलो तो गायकवाड बाईंमुळे. आंबिवलीच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. आज डोंबिवलीत मुलीने मोबाइलवर एका प्रचंड मूळ संख्येची बातमी दाखवली. दोनाला दोनानेच गुणत जायचं, शेवटी एक वजा करायचा, अशी ती संख्या. वाचताना ओल्या फळ्याचा वास आला.

नववीत बाबा मला शाळेतून काढून वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात कामाला लावणार होते. ते वर्गात आले तेव्हा बाईंनी फळ्यावर २०४७ लिहिलं. "मूळ आहे का रे?"

"हो बाई. दोन मूळ संख्येइतक्या वेळा घेऊन गुणायचे आणि एक वजा करायचा, तशाच ३, ७, ३१, १२७ येतात. सगळ्या मूळच आहेत."

"चूक."

बाबा हसले. "बघा! मशीनवर तरी बरा."

"थांबा हो. तो बघा, अजून भागतोय."

मी फळ्यावर भागत होतो. सतराने भाग गेला नाही, एकोणिसाने नाही. तेविसाने गेला. "तेवीस गुणिले एकोणनव्वद!" मी ओरडलो. बाबा माझ्या खडूने माखलेल्या बोटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं, शिकू दे."

उत्तराने मला वाचवलं, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, बाईंनी मी चुकेन असाच आकडा निवडला होता.

पदवी मिळाल्यावर त्यांना पत्र पाठवलं: "बाई, मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिलाच. बाबा म्हणतात, बाईंना विचार, आता पुढे काय शिकायचं?"